आयटीआयला जायचंय? दाखल्यांपासून अप्रेंटिसशिपपर्यंत काय, कधी आणि कुठल्या क्रमाने करायचं

दरवर्षी तेच होतं. पोरगं नेटकॅफेत जाऊन फॉर्म भरतं, पैसे भरतं, पावतीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवतं आणि निवांत होतं, मग गुणवत्ता यादी लागते आणि त्यात नावच नसतं. कारण अर्ज भरला पण निश्चित केला नाही. नाहीतर निश्चित केला पण विकल्प, म्हणजे कुठली संस्था आणि कुठला ट्रेड हवाय ते, भरले नाहीत. नाहीतर पहिला विकल्प उगाच कुठलातरी टाकला, तोच लागला, आवडला नाही म्हणून गेला नाही आणि पुढच्या फेऱ्यांतून बाद. यातलं काहीच मार्क कमी पडल्यामुळे होत नाही, क्रम चुकल्यामुळे होतं. म्हणून हे सगळं एका जागी लिहितोय, मुख्यतः तालुक्याच्या सरकारी आयटीआयला जाणाऱ्या खेड्यातल्या पोरापोरींसाठी आणि त्यांच्या आईवडलांसाठी.

तारखा, फी, विकल्पांची मर्यादा दरवर्षी थोडी बदलते. त्यासाठी व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय, म्हणजे डीव्हीईटी, त्यांच्या प्रवेश पोर्टलवर त्या वर्षीची माहितीपुस्तिका टाकतं, ती डाउनलोड करून ठेवा. व्हॉट्सॲपवर फिरणारं वेळापत्रक कितीदा मागच्याच वर्षाचं असतं, त्यावर जाऊ नका.

## टप्पा 1: निकालाच्या आधी कागद

दहावीचा पेपर संपला की लगेच या कामाला लागायचं. निकालानंतर सेतू केंद्रात आणि तहसीलला जी गर्दी होते त्यात दाखला वेळेत हातात पडेल याची खात्री नाही.

लागतं ते असं: दहावीची मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, डोमिसाइल, राखीव प्रवर्ग असेल तर जातीचा दाखला, आणि ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी, एसईबीसी यांना नॉन क्रिमीलेअर. एससी-एसटीला नॉन क्रिमीलेअर लागत नाही, त्यासाठी उगाच हेलपाटे घालू नका. ईडब्ल्यूएसमधून जाणार असाल तर त्याचा वेगळा दाखला. उत्पन्नाचा दाखला प्रवेशाला नाही लागला तरी शिष्यवृत्तीला लागतोच, तो सोबतच काढून टाका. इंटरमीजिएट ड्रॉइंग, एनसीसी, खेळ यांची सर्टिफिकेटं असतील तर तीही फाइलला लावा, वाढीव गुणांचे नियम पुस्तिकेत असतात.

नॉन क्रिमीलेअरची मुदत नक्की बघा. बहुतेकांची 31 मार्चला संपते, म्हणजे मागच्या वर्षी भावासाठी काढताना तुमचाही काढून ठेवला असेल तर तो जूनमध्ये चालेलच असं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, नाव. मार्कशीटवर एक, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. कुठे वडलांचं नाव आधी, कुठे आडनाव आधी, कुठे एखादं अक्षर कमी. प्रवेशाच्या वेळी हे कदाचित चालून जाईल, पण पुढे परीक्षेचं हॉल तिकीट, शिष्यवृत्ती, एनटीसी म्हणजे शेवटचं राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र, या सगळ्यात ते अडतं आणि दोन वर्षांनी दुरुस्त करायला तुम्हालाच पळावं लागतं. मार्कशीट प्रमाण माना आणि आधार त्याप्रमाणे करून घ्या, ते आत्ताच, मे महिन्यात.

तपासा: आधारला जो मोबाईल नंबर जोडलाय तो चालू आहे ना? घरातला आहे ना? ओटीपी त्याच नंबरवर येणार. नेटकॅफेवाल्याचा किंवा शेजारच्या दादाचा नंबर फॉर्ममध्ये अजिबात टाकू नका, फेरीत नंबर लागल्याचा मेसेज त्यालाच जाईल.

## टप्पा 2: ट्रेड ठरवायचा तो वर्कशॉप बघून

इथे लोक सगळ्यात कमी वेळ देतात आणि इथेच सगळ्यात जास्त द्यायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. "इलेक्ट्रिशियन घे, स्कोप आहे" एवढ्यावर पोरगं दोन वर्षं घालवतं.

निकालाच्या आधीच आयटीआयला एक चक्कर मारा, प्रशिक्षण चालू असेल अशा दिवशी. गेटवर सांगा की ट्रेड बघायचेत, सहसा कुणी नाही म्हणत नाही. बघायचं काय? मशीनवर धूळ आहे की ताजं तेल आहे. लेथखाली लोखंडाचा बुरा पडलाय की नाही. वेल्डिंगच्या केबिनमध्ये काम चाललंय की सगळे बाहेर झाडाखाली बसलेत. निदेशक, म्हणजे शिकवणारे सर, त्या ट्रेडला कायम आहेत की पद रिकामं आहे, हे दुसऱ्या वर्षाच्या पोरांना विचारा, ती खरं सांगतात. एकाच गावातल्या एकाच आयटीआयमध्ये फिटरला चांगला माणूस असतो आणि शेजारच्या ट्रेडला वर्षभर कुणीच नसतं, असंही होतं.

मुदतही लक्षात घ्या. इलेक्ट्रिशियन, फिटर, वायरमन, टर्नर, मशिनिस्ट, मोटार मेकॅनिक हे दोन वर्षांचे. वेल्डर, डिझेल मेकॅनिक, प्लंबर, कोपा (कॉम्प्युटरचा ट्रेड), सुइंग टेक्नॉलॉजी (शिवणकाम) एक वर्षाचे. घरी पैशाची ओढाताण असेल तर एक वर्षाचा वेल्डर हा कमीपणाचा निर्णय नाही, चांगला वेल्डर कुठेही उपाशी राहत नाही. पण दहावीनंतर आयटीआय करून थेट डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जायचा विचार असेल तर दोन वर्षांचाच ट्रेड घ्या.

दहावी नापास असाल तरी दार बंद नाही. वेल्डर, वायरमन, प्लंबर, सुतारकाम अशा काही ट्रेडना दहावी नापास चालतात. वय 14 पूर्ण पाहिजे, वर कितीही असू दे, त्यामुळे मधे दोन-तीन वर्षं शेतात गेली म्हणून लाजायचं कारण नाही.

मुलींच्या आईवडलांना एक सांगणं. सरकारी आयटीआयमध्ये मुलींसाठी 30 टक्के जागा असतात आणि इलेक्ट्रिशियन, फिटर, मशिनिस्टमध्ये त्या भरायला मुलीच मिळत नाहीत अशी कितीतरी ठिकाणी परिस्थिती असते. पोरीला फक्त शिवणकाम किंवा कोपाला टाकायचं हे तिला न विचारता घरी ठरवू नका. तिला घेऊन जा, वर्कशॉप दाखवा आणि मग विचारा.

सावध: खाजगी आयटीआयला जाणार असाल तर त्या ट्रेडला केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाची, म्हणजे डीजीटीची मान्यता (जिला पूर्वी एनसीव्हीटीची मान्यता म्हणायचे) आहे का ते आधी बघा. बोर्डावर काय लिहिलंय ते नाही, पोर्टलवर काय आहे ते.

## टप्पा 3: अर्ज भरणं आणि अर्ज निश्चित करणं

ही दोन वेगळी कामं आहेत.

पहिलं, पोर्टलवर नोंदणी, माहिती भरणं, फोटो-सही अपलोड आणि फी. हे घरून होतं. दुसरं, मूळ कागद घेऊन जवळच्या आयटीआयमध्ये स्वतः जायचं, तिथले कर्मचारी कागद बघून ऑनलाइन अर्ज निश्चित करतात आणि पावती देतात. ती पावती हातात आली की अर्ज झाला, त्याआधी नाही. फी भरल्याची पावती म्हणजे निश्चितीची पावती नव्हे. ज्या आयटीआयला प्रवेश हवाय तिथेच जायचं असंही काही नाही, निश्चिती कुठल्याही सरकारी आयटीआयमध्ये होते.

शेवटच्या दिवशी जाऊ नका. रांग मोठी असते, सर्व्हर हळू असतो, आणि एक कागद कमी निघाला तर घर वीस किलोमीटरवर आणि एसटी दुपारनंतर.

पावती मिळाल्यावर तिथेच, काउंटरवरून हलायच्या आधी, पाच गोष्टी वाचा: नाव, जन्मतारीख, प्रवर्ग, दहावीचे मार्क, शाळेचा तालुका-जिल्हा. यातलं काही चुकलं तर तिथल्या तिथे सांगा. नंतर प्राथमिक गुणवत्ता यादी लागल्यावर हरकत घ्यायला थोडी मुदत मिळते, पण ती फार थोडी असते आणि पोरांना कळेपर्यंत निघून जाते.

## टप्पा 4: विकल्प भरणं (इथे घाई नको)

विकल्प म्हणजे कुठली संस्था आणि तिथला कुठला ट्रेड, हे पसंतीच्या क्रमाने. अर्ज निश्चित झाला आणि विकल्पच भरले नाहीत तर त्या फेरीत तुमचा विचार होत नाही, मार्क 90 टक्के असले तरी.

आधी कागदावर लिहा, मग मोबाईल हातात घ्या. कागदावर तीन गट करा. वर ते, जे लागलं तर आनंदाने जाल. मधे ते, जे चालेल. खाली ते, जे नाइलाज म्हणून. आणि जिथे कुठल्याही परिस्थितीत जाणार नाही ते लिहूच नका. हे वाक्य परत वाचा, कारण सगळ्यात मोठा घोटाळा यातच होतो. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा लागली की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या नेहमीच्या फेऱ्यांतून नाव जातं आणि थेट शेवटच्या समुपदेशन फेरीची वाट बघत बसावं लागतं. तोवर चांगल्या जागा संपलेल्या असतात. पुढच्या फेऱ्यांमध्ये कितव्या विकल्पापर्यंत ही सक्ती आहे ते त्या वर्षीच्या पुस्तिकेत बघून ठेवा.

मग पहिला विकल्प काय टाकायचा? जे खरंच सगळ्यात जास्त हवंय ते. "मला काय तिथे लागणार" म्हणून मनातलं खाली ढकलू नका, वर अवघड विकल्प टाकल्याने खालच्याला काही धक्का बसत नाही. मागच्या वर्षीचे कटऑफ बघा, अंदाज येतो, पण त्यावरून क्रम ठरवू नका, त्यावरून खाली किती विकल्प टाकायचे ते ठरवा.

येण्याजाण्याचं गणित याच वेळी करायचं. सकाळची पहिली गाडी किती वाजता सुटते, आयटीआयची वेळ काय, संध्याकाळी शेवटची गाडी कधी, पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की रस्ता बंद होतो का. शहरातल्या आयटीआयचं नाव मोठं असतं म्हणून तिकडे घेतात आणि गाडी बदलण्यातच दिवसाचे चार तास जातात, मग हजेरी कमी पडते. वसतिगृह मिळणार असेल तर गोष्ट वेगळी, पण ते मिळेलच असं धरून चालू नका.

आणखी एक, काही सरकारी आयटीआयमध्ये आयएमसीच्या म्हणजे संस्था व्यवस्थापन समितीच्या जागा असतात, त्यांची फी नेहमीच्या जागेपेक्षा बरीच जास्त असते. विकल्प निवडताना जागेचा प्रकार बघून टिक करा. संस्था सरकारी म्हणजे फी कमीच असणार, असं धरून बरेच जण प्रवेशाच्या दिवशी अडकतात.

तपासा: विकल्प भरून झाले की सबमिट केलं का, प्रिंट काढली का? नुसतं सेव्ह करून बाहेर पडलेली पोरं बरीच असतात.

## टप्पा 5: नंबर लागला, आता प्रवेशाचा दिवस

हा टप्पा छोटा आहे. अलॉटमेंट लेटरची प्रिंट, सगळे मूळ कागद, प्रत्येकाच्या दोन-तीन झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, फीचे पैसे. मुदत तीन-चार दिवसांचीच असते, पहिल्या दिवशी जा. शाळा सोडल्याचा दाखला मूळ जमा होतो, त्याआधी त्याच्या चार-पाच झेरॉक्स आणि एक नीट स्कॅन करून ठेवा, नंतर पदोपदी लागतो.

अकरावीला आधीच प्रवेश घेतला असेल तर दाखला तिकडे अडकलेला असतो. तो काढायला एक-दोन दिवस जातात, तेवढा वेळ हाताशी ठेवा.

## टप्पा 6: पहिला महिना

प्रवेश झाला की पोरं गणपतीपर्यंत सैल असतात आणि नेमकी हीच सवय नडते. पहिल्या महिन्यात ही कामं उरकून टाका:

एसटीचा पास. मासिक पासाला 66.67 टक्के सवलत असते, संस्थेचा शिक्का असलेला फॉर्म लागतो. रोज तिकीट काढून येणारी पोरं घरच्यांचे पैसे उगाच घालवतात.

महाडीबीटीचा, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज. शिष्यवृत्ती किंवा फी परतावा, ज्यात बसत असाल त्यात. बँक खातं आधारला नुसतं जोडलेलं असून भागत नाही, थेट लाभ जमा होण्यासाठी ते सीडिंग झालेलं लागतं, बँकेत जाऊन नीट विचारा. फॉर्म भरल्यावर दर पंधरा दिवसांनी लॉगिन करून बघा, त्रुटी निघाली तर अर्ज तुमच्याकडे परत येतो आणि तुम्ही बघितलंच नाही तर तिथेच पडून राहतो.

कपडे आणि बूट. बॉयलर सूट किंवा खाकी, जे संस्थेत असेल ते, पण सुती. वेल्डिंगला नायलॉनचा शर्ट घालून उभं राहायचं नाही, ठिणगी पडली की कापड वितळून कातडीला चिकटतं. बूट जाड तळव्याचे. चप्पल, सँडल घालून वर्कशॉपमध्ये पाय ठेवू नका, सर काही बोलले नाहीत तरी. लेथवर, ड्रिलवर अंगठी, कडं, दोरा, मफलर, ओढणी काहीही लोंबतं नको, मुलींनी वेणी आत खोचलेली असावी. ड्रिल मशीनवर हातमोजेही घालायचे नाहीत, फिरत्या बिटात मोजा अडकला तर सोबत हातही जातो.

## टप्पा 7: वर्कशॉपमध्ये हात बसवणं

खरं आयटीआय हेच. एक वर्षाच्या अभ्यासक्रमाचे 1200 तास धरलेत, त्यातले 840 प्रॅक्टिकलचे, 240 थिअरीचे, 120 एम्प्लॉयबिलिटी स्किल्सचे. शिवाय 150 तास ऑन द जॉब ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी शिकणं. म्हणजे वही पाठ करून पास होऊ असं ज्याला वाटतं त्याने गणितच चुकीचं मांडलंय.

फिटरचं उदाहरण घ्या. पहिले काही आठवडे हातात कानस आणि एक लोखंडी तुकडा. पोरांना वाटतं हे काय, मशीनवर कधी घेणार. पण सपाटी आणि काटकोन इथेच शिकायचा असतो. क्रम असा: तुकडा व्हाइसमध्ये कोपराच्या उंचीला घट्ट धरा. डावा पाय पुढे. कानस पुढे जाताना दाब, मागे येताना दाब नाही, मागे ओढतानाही दाबलं तर दाते बोथट होतात. झोल न देता सरळ ढकला, मनगट वरखाली झालं की तुकड्याच्या कडा उतरतात आणि मधे पोट राहतं. थोडं घासलं की थांबा, कानशीत अडकलेला बुरा तारेच्या ब्रशने काढा. मग ट्रायस्क्वेअर, म्हणजे काटकोन तपासायचा गुण्या, लावून तुकडा खिडकीच्या उजेडासमोर डोळ्यासमोर धरा. पात्याखालून जिथून उजेड दिसतो तिथे खोल आहे, जिथे दिसत नाही तिथे उंच आहे, घासायचं ते उंच ठिकाणी. लोकं उजेड दिसतो तिथेच घासत बसतात आणि तुकडा कमी होत होत मापाच्या खाली जातो, मग परत नवा तुकडा. मार्किंगच्या आधी पृष्ठभागाला मोरचुदाचं पाणी लावा, स्क्रायबरची रेघ स्वच्छ उठते. एक बाजू पूर्ण काटकोनात आल्याशिवाय दुसरी सुरू करू नका, कारण पुढची सगळी मापं तिच्यावरूनच घ्यायची असतात.

इलेक्ट्रिशियनला हीच गोष्ट जॉइंटची आणि जिना वायरिंगची. दोन टू-वे स्विचवर एक दिवा, खालून लावला वरून बंद केला. वायर जोडायच्या आधी सर्किट वहीत काढा, सरांना दाखवा, मग बोर्डवर. आणि सप्लाय द्यायच्या आधी फेज स्विचमधून गेलीय की न्यूट्रल, हे स्वतः तपासा. न्यूट्रल स्विचमधून गेली तरी दिवा लागतो आणि विझतो, म्हणून चूक दिसत नाही, पण स्विच बंद असताना होल्डरमध्ये फेज जिवंत राहते. पुढे कुणाच्या घरी असं वायरिंग केलं तर बल्ब बदलायला चढलेल्या माणसाच्या जिवाशी खेळ आहे.

वेल्डरसाठी थोडक्यात: काळ्या काचेशिवाय आर्ककडे एक क्षणही नाही, शेजारचा करत असला तरी. त्या वेळी काही वाटत नाही, रात्री डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेल, ग्रीस, तेलकट हात लावू नका, भडका उडतो.

जॉब, म्हणजे सरांनी दिलेलं प्रॅक्टिकलचं काम, झाला की त्याच दिवशी जर्नल लिहा, आकृती काढा, सही घ्या. शेवटच्या महिन्यात दुसऱ्याचं जर्नल उतरवून काढायची पद्धत सगळीकडे आहे, पण तोंडी परीक्षेत "हे माप कशाने घेतलं" विचारलं की गप्प बसावं लागतं. वर्षभराच्या जॉबवरच फॉर्मेटिव्ह असेसमेंटचे मार्क पडतात.

तपासा: तुमचा निदेशक रजेवर असेल आणि आठवडाभर प्रॅक्टिकल झालं नसेल तर घरी बसू नका. चार-पाच जण मिळून प्राचार्यांना भेटा, नीट अर्ज द्या, दुसऱ्या युनिटसोबत, म्हणजे त्याच ट्रेडच्या दुसऱ्या तुकडीसोबत, बसवायची विनंती करा. मागितल्याशिवाय मिळत नाही आणि मागणं हा तुमचा हक्क आहे.

## टप्पा 8: हजेरी आणि परीक्षा

हजेरी 80 टक्के लागते. ज्वारी काढणी, लग्नसराई, ऊसतोड, यात्रा, यात दिवस कसे जातात कळत नाही. दर महिन्याच्या शेवटी सरांना आपली टक्केवारी विचारा आणि वहीत लिहून ठेवा. घरच्यांनाही हे आधीच सांगून ठेवा, कारण पोराला कामाला थांबवणारे बहुतेक वेळा घरचेच असतात आणि त्यांना हा नियम माहीतच नसतो. आजारी पडलात तर डॉक्टरचा दाखला परत आल्याच दिवशी द्या.

पास होण्याचा निकषही नीट समजून घ्या: प्रॅक्टिकलला आणि फॉर्मेटिव्ह असेसमेंटला प्रत्येकी 60 टक्के, बाकी विषयांना 33. शाळेतल्या 35 टक्क्यांच्या सवयीने प्रॅक्टिकल हलक्यात घेणारे इथेच आपटतात.

थिअरी कॉम्प्युटरवर असते, पर्यायी प्रश्न. गावाकडच्या पोरांना प्रश्न येत असतो पण माउस हातात बसलेला नसतो. संस्थेच्या कोपा लॅबमध्ये किंवा कुठेही, भारत स्किल्स पोर्टलवरचे सराव प्रश्न आधी सोडवा. केंद्र दुसऱ्या गावात असू शकतं, आदल्या दिवशी जाऊन बघून या. हॉल तिकीट आलं की नाव, फोटो, ट्रेड वाचा, चूक असेल तर परीक्षेच्या आधीच संस्थेला लेखी द्या.

## टप्पा 9: अप्रेंटिसशिप

निकालाची वाट बघत दोन महिने घरी बसू नका. शेवटच्या परीक्षेनंतर लगेच केंद्राच्या अप्रेंटिसशिप, म्हणजे शिकाऊ उमेदवारीच्या पोर्टलवर नोंदणी करा, प्रोफाइल पूर्ण भरा. महावितरण, एसटी महामंडळ, रेल्वे आणि एमआयडीसीतल्या कंपन्या शिकाऊ उमेदवार घेतात. रेल्वेच्या लेव्हल 1 भरतीत रेल्वेतच अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांना 20 टक्के जागा राखीव असतात, ज्यांना तिकडे जायचंय त्यांनी हे डोक्यात ठेवा. महावितरणच्या विद्युत सहायक भरतीत आयटीआयसोबत बारावीही मागितली गेलीय, म्हणून दहावीवर इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन करणाऱ्यांनी 17 नंबर फॉर्म भरून बारावी बाहेरून उरकायचं आत्ताच बघावं.

कंपनीत बोलावलं की पहिला प्रश्न एकच विचारा: पोर्टलवर माझा करार कुठल्या ट्रेडमध्ये आणि कधीपासून नोंदवणार? काही कंपन्या ठेकेदारामार्फत "ट्रेनी" म्हणून घेतात, काम पूर्ण करून घेतात, पैसेही देतात, पण कायद्याने ती अप्रेंटिसशिप नसते, त्यावर राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्र मिळत नाही आणि वर्ष गेल्यावर ते कळतं. रुजू झाल्यापासून पहिल्या पंधरवड्यात पोर्टलवर लॉगिन करून करार क्रमांक दिसतो का बघा, ट्रेडचं नाव तुमच्या आयटीआयच्या ट्रेडशी जुळतं का बघा, स्टायपेंड बँकेत जमा होतो की रोख देतात ते बघा. करार दिसत नसेल तर कंपनीच्या एचआरला लेखी विचारा आणि त्याची एक प्रत जिल्ह्याच्या मूलभूत प्रशिक्षण तथा अनुषंगिक सूचना केंद्राला, म्हणजे बीटीआरआयला द्या, बहुतेक जिल्ह्यांत ते सरकारी आयटीआयच्याच आवारात असतं.